हात न लावण्याचा दिवस

माझा थोरला भाऊ देल्यांग कधी स्वस्थ बसल्याचं मला आठवत नाही. जेवताना त्याचा उजवा पाय टेबलाखाली हलत असतो आणि सगळ्यांच्या वाट्यांमधलं सूप डुचमळतं. आई म्हणते, "पाय हलवू नकोस, घरातली बरकत गळून जाते." मग तो पाय थांबवतो आणि बोटं वाजवायला लागतो.

आमचं घर जूडोंगच्या बाजारामागच्या गल्लीत. पुढे माझी बानत्याओची खानावळ. तांदळाच्या रुंद मऊ पट्ट्या, कुणाला रश्शात, कुणाला परतून. मागे स्वयंपाकघर, त्याला लागून आईची खोली आणि भिंतीपलीकडे दादाची कामाची खोली. वर तो आणि लीयुन वहिनी राहतात. माझा संसार मोडला तेव्हा मी इथेच परत आले. त्यामुळे दादाचं सगळं मी जवळून पाहिलंय.

सायन्स पार्कातल्या एका कारखान्यात तो ऐन उमेदीची सगळी वर्षं होता. संगणकाचे मदरबोर्ड तपासायचं काम. पट्ट्यावरून बोर्ड यायचा, हा वायरी जोडायचा, वीज द्यायचा, आतून बारीक 'टुक' ऐकू आलं की बोर्ड पुढे. नाही आलं तर बोर्ड याच्या टेबलावर. चांगला बोर्ड त्याच्या हातात क्षणभरही टिकायचा नाही. खोटा निघालेला मात्र दिवसभर मुक्कामाला असायचा आणि दादा घरी येऊन जेवताना आम्हाला त्याच्या कहाण्या सांगायचा. कुठला सांधा नीट डाखलेला नव्हता, कुठली पाय वाकलेली चिप कुणालाच दिसली नव्हती. मग कारखान्याने ती शाखा व्हिएतनामला हलवली. दादा एका खोक्यात चहाचा मग आणि सपाता घेऊन घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आमच्या स्वयंपाकघरातला बिघाड नसलेला पंखा उघडला.

तेवढ्यात वहिनीच्या गाण्याच्या मंडळाने त्याला काम दिलं. ती डोंगरगाणी गाते, आमच्या हाक्का लोकांची. मंडळाला साथीचं संगीत संगणकावर बसवून द्यायचे एक निवृत्त मास्तर होते. ते मुलीकडे कॅनडाला गेले आणि जाताना सगळ्या गाण्यांच्या फाईली देऊन गेले. त्या फाईली संगीताच्या एकाच प्रोग्रॅममध्ये उघडायच्या, तो प्रोग्रॅम एकाच सिस्टीमवर चालायचा, आणि ती सिस्टीम ज्या अमेरिकी कंपनीची, तिची अट अशी की आमच्याच संगणकावर चालवा, दुसरीकडे चालवाल तर आम्ही जबाबदार नाही.

मंडळाच्या प्रमुख फान बाई म्हणाल्या, "देल्यांग, मंडळाकडे वर्गणी आहे. दुकानातून तसला संगणक आणू या."

"कशाला?" दादा म्हणाला. "त्याच्या पोटातले निम्मे तुकडे आपल्या बेटावर बनतात. मी या हातांनी तपासलेत. ते एकत्र जोडले तर चालणार नाहीत?"

"कंपनी नको म्हणते ना?"

"कंपनी मदत करणार नाही म्हणते. मी कुठे मदत मागतोय?"

त्याने तुकडे गोळा केले. काही नवे, काही मित्रांच्या कपाटातले, वीज पुरवणारा डबा तर एका जुन्या यंत्रातून काढलेला. कित्येक आठवडे खोलीतून फक्त उसासे ऐकू यायचे. मग एकदाचं ते चालू झालं. पण आवाज नाही. मग आवाज आला, तर यंत्र झोपवलं की उठेना.

आईने दारातून विचारलं, "मेलं का?"

"झोपलंय."

"मग उठव."

"उठत नाही, आई."

"मग मेलंच की."

तेही जमलं. पुढे कंपनीने सिस्टीम बदलली की याचं काहीतरी मोडायचं, हा जगभरच्या असल्याच वेड्यांना विचारत बसायचा, आणि कुणीतरी कोरियातला, कुणीतरी पोलंडमधला त्याला वाट दाखवायचा. ती माणसं एकमेकांची नावंही खरी सांगत नाहीत. पण दादा त्यांच्याबद्दल सख्ख्या भावंडांसारखं बोलतो. "पोलंडवाल्याची तब्येत बरी नाही वाटतं, आज काही लिहिलं नाही त्याने."

मी सांगतेय ती गोष्ट त्या वर्षीची, ज्या वर्षी यंत्र थंडीभर एकदाही बिघडलं नव्हतं. नवं वर्ष आलं, पाहुणे येऊन गेले, यंत्र चालतंय. दादाचा चेहरा उतरलेला. तो सकाळी पुलापर्यंत चालत जायचा, परत यायचा, दुकानात माझ्याकडे चहा मागायचा आणि न पिताच उठायचा.

वहिनी माझ्याकडे कांदापात चिरायला बसली होती. म्हणाली, "आचेन, ते यंत्र नीट चालायला लागलं ना, की मला धास्ती वाटते. तुझ्या भावाला घरात काहीतरी मोडलेलं लागतं."

"तू मोड काहीतरी."

"भांडी फोडून बघितली. त्यात त्याला रस नाही."

आणि त्याच दिवशी स्क्रीनवर सूचना आली की नवं अपडेट आलंय. कुठलाही शहाणा माणूस थेनछ्वान होईपर्यंत थांबला असता. थेनछ्वान म्हणजे आमचा आकाश फाटल्याचा सण. न्यूवा देवीने ते सांधलं म्हणून त्या दिवशी आम्ही कुणी काम करत नाही, आणि त्याच दिवशी जूडोंगच्या चौकात डोंगरगाण्यांची मोठी स्पर्धा असते. वहिनीचं मंडळ उतरणार होतं, शिवाय ती एकटीही गाणार होती. तिच्या गाण्याची साथ दादाच्या यंत्रात अर्धवट बसवलेली होती.

दादाने बटण दाबलं.

काळी स्क्रीन, पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या आणि एका ओळीवर अडकून बसल्या. बंद करून चालू केलं. पुन्हा तीच ओळ. संध्याकाळी तो जेवायला आला तेव्हा त्याचा पाय हलत होता, पण डोळे चमकत होते. मला मान्य करायला हवं, महिनाभरात पहिल्यांदा तो जिवंत दिसत होता.

ते कोडं त्याने सोडवलं. सुरुवातीला यंत्राला जागं करणारी जी छोटी फाईल असते, ती पेनड्राइव्हवर नवी करून घ्यावी लागली, आणि चित्राच्या कार्डाची एक ओळ बदलावी लागली. पोलंडवाला कामाला आला. दादाने सगळ्यांना हाक मारून यंत्र दाखवलं. आईने त्याला तळलेलं अंडं जास्तीचं वाढलं.

आणि मग खरा त्रास सुरू झाला. वहिनीच्या गाण्याची साथ पुरी झाली होती. आता तिची एक अखंड फाईल तयार करायची, म्हणजे ती चौकातल्या ध्वनिवाल्याला देता येते. यंत्राने अर्धं काम केलं आणि पटकन विझलं, मग आपलं आपणच पुन्हा सुरू झालं. दादाने पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मध्येच कधी तास तास नीट चालायचं, आणि नेमकं फाईल संपत आली की विझायचं. पांढरी अक्षरं नाहीत, सूचना नाही, काही नाही.

"सांगून तरी बिघड," मी त्याला यंत्राशी बोलताना ऐकलं.

तो अपडेटमागे हात धुऊन लागला. जुनी सिस्टीम परत घातली, नवी घातली, तिच्यातली एकेक गोष्ट बंद करून पाहिली. मग मेमरीच्या पट्ट्या एकेक करून काढल्या. पंखा बदलला. आतली धूळ रंगाच्या कुंचल्याने झाडली. गरम होत असेल म्हणून खिडकी उघडी टाकली, तर डोंगरावरची थंडी आत. थंडीने होत असेल म्हणून खिडकी लावली. दिवसभर कानांवर मोठे हेडफोन, कारण साथीत कुठे खरखर आहे का तेही ऐकायचं. आम्ही दारात उभं राहून बोलायचो, त्याला पत्ता नसायचा. रात्री मात्र आई घरातली सगळी बटणं बंद करून झोपते, आगीच्या भीतीने. त्यात यंत्रही आलं. म्हणून जे करायचं ते दिवसाच.

फान बाई खानावळीत आल्या की आधी मागच्या खोलीत डोकवायच्या. "झालं का रे?"

"होतंय."

"गेल्या खेपेलाही होतंय म्हणालास."

त्यांच्याबरोबर लो काका असायचे. मंडळाचे जुने हूश्येनवाले. त्यांचं दोन तारांचं वाद्य संगणक आल्यापासून मागे पडलं होतं. ते बानत्याओ ओढत मोठ्याने म्हणाले, "माझ्या हूश्येनला अपडेट लागत नाही."

"तुमचा हूश्येन थंडीत उतरतो," दादा आतून म्हणाला. त्या वेळी हेडफोन नेमके नव्हते.

"उतरतो. पण विझत नाही."

दादा बाहेर आला नाही. पण त्या दिवसापासून त्याचं खाणं कमी झालं. वहिनी काही बोलली की खेकसायचा. ती साथीवर सराव करायला बसली की यंत्र मधेच विझायचं, ती तोंड उघडं ठेवून थांबायची, आणि दादा म्हणायचा, "तू थांबू नकोस, तू गात राहा." ती म्हणायची, "कशावर?" दोघांचं एवढंच बोलणं. वर पायांचे आवाज यायचे, तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

शेवटी फान बाईंनी लो काकांना तयारीत राहायला सांगितलं. ते दादाला कुणी कळवलं नाही, तरी त्याला कळलं.

थेनछ्वानच्या दिवशी पहाट फुटताना मला मागून आवाज आला. मी उठून गेले. दादाने आई उठायच्या आधी यंत्र चालू केलं होतं आणि फाईल बनवायला लावली होती. एक बोट अजून बटणावर. तेवढ्यात आई दारात.

"हात काढ."

"आई, आत्ताच लावलंय. होऊन जाऊ दे."

"होऊ दे की. तू हात लावू नकोस. आज कुणी कशाला हात लावायचा नाही."

"मग बंद करतो."

"बंद करणं हेही कामच."

दादा माझ्याकडे बघून हसला, पण आई गंमत करत नव्हती. तिने स्वयंपाकघरातलं स्टूल आणून त्याच्या दाराशी ठेवलं आणि त्यावर बसली. आदल्या दिवशीच करून ठेवलेल्या गोड वड्या मी तेवढ्या तळल्या, आईने त्यांत सुया खोचल्या, आकाश शिवायला, आणि ताट देव्हाऱ्यापुढे गेलं. खानावळ बंद. गल्ली चिडीचूप. दादा खुर्चीवर मांड्यांवर हात ठेवून बसला आणि स्क्रीनवरची निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकताना पाहत राहिला.

ती पट्टी पोचली.

तो ओरडला नाही. "आचेन," एवढंच म्हणाला. मी पाहिलं तर स्क्रीनवर फाईल तयार. वहिनीच्या गाण्याची पुरी साथ. आता ती पेनड्राइव्हवर घ्यायची की झालं. पेनड्राइव्ह टेबलावरच होता.

"आई, एकदाच बोट लावायचंय. एकदाच."

"नाही."

"चौकात बायका वाट बघतायत. लीयुनचं गाणं आहे. तिच्यासाठी."

"आकाश फाटलं होतं तेव्हाही सगळ्यांना काहीतरी घाईचं काम असणार," आई म्हणाली. "देवीने ते काम एकटीने केलं. तुला एक दिवस बसायला सांगितलं तर जमत नाही?"

दादा उठला. आता हा आईला ओलांडून जाणार असं मला वाटलं. त्याला ते अवघड नव्हतं, आई त्याच्या खांद्याला लागते. त्याने वर बघून हाक मारली, "लीयुन, तूच सांग हिला."

वहिनी जिन्यात उभी होती. गाण्याचा निळा सदरा घातलेला, केस बांधलेले. तिने स्क्रीन पाहिली, आईला पाहिलं, मग म्हणाली, "राहू दे."

"काय राहू दे?"

"राहू दे ते. लो काका वाजवतील. चल, उशीर होतोय."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग जोडे घातले आणि आमच्याबरोबर आला. यंत्र तसंच चालू राहिलं, दाराशी आई.

चौक माणसांनी भरलेला. म्हाताऱ्या थर्मास आणि घडीच्या खुर्च्या घेऊन पहाटेपासून जागा धरून बसलेल्या. दादा माझ्या शेजारी बसला होता आणि त्याचा पाय असा हलत होता की पुढच्या खुर्चीवरच्या आजीने दोनदा वळून पाहिलं. मंडळाचं गाणं बरं झालं, ठीकठाक. मग वहिनी एकटी वर गेली. लो काकांनी गज ओढला आणि थंडीने तार उतरलीच. सूर वाकडा आला. ते घाईघाईने खुंटी पिळायला लागले. लोक कुजबुजले. दादा खुर्चीवरून अर्धा उठला.

वहिनीने हात वर करून काकांना थांबवलं आणि साथीशिवाय पहिली ओळ उचलली.

डोंगराच्या एका उतारावरून पलीकडच्या उतारावरच्या कुणाला तरी हाक मारावी, तशी ती ओळ होती. मधेच ती थांबली. मला वाटलं विसरली. पण ती श्वास घेत होती, निवांत, आणि मग जिथे सोडली तिथूनच ओढ लांबवली, इतकी लांब की मागे बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकीने न राहवून हुंकार दिला. हे गाणं मी आमच्या मागच्या खोलीतून शेकडो वेळा ऐकलं होतं. ते हे नव्हतं. दुसऱ्या ओळीला लो काका तार लावून हळूच तिच्या मागे आले, आणि ती जाईल तसे जात राहिले. मी दादाकडे पाहिलं. तो पुढे वाकून, कोपर गुडघ्यांवर टेकून ऐकत होता. पाय थांबला होता.

बक्षीस शेजारच्या गावच्या मंडळाला गेलं. वहिनीचं नाव कुठेच नव्हतं. साथ चुकली असं परीक्षकांनी धरलं असावं. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. परतताना आम्ही फुटपाथवर उभं राहून गरम तांगयुआन, तांदळाच्या पिठाचे पाकातले गोळे, खाल्ले आणि तिने दोन वाट्या संपवल्या.

दादा म्हणाला, "फाईल तयार होती. एक बोट लावलं असतं."

"मला माहीत होतं."

"मग राहू दे का म्हणालीस?"

ती जरा वेळ चमच्याने वाटीचा तळ खरवडत राहिली. "कारण मला नकोच होती ती. तुझ्या साथीवर गाताना मला धाप लागते. यंत्र थांबत नाही. मला जिथे थांबायचं तिथे ते पुढे गेलेलं असतं. मग मी धावते."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"आणि बोलली नाहीस."

"तू इतका झटत होतास. काय बोलू?"

दादाने वाटी अर्धीच टाकली. पुढे घरापर्यंत तो आमच्या चार पावलं पुढे चालला. घरी यंत्र अजून चालू होतं. दिवसभर एकदाही विझलं नव्हतं. त्याने खोलीच्या दारातून पाहिलं आणि आत न जाता वर निघून गेला. मला त्याची कीव आली आणि रागही आला. तो तिच्यावर रुसला होता की स्वतःवर, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खानावळ उघडायच्या तयारीत होते. दादा खोलीत नुसता बसला होता. हेडफोन खुंटीवर. सणाचा दिवस म्हणून रात्री आईनेही बटणं बंद केली नव्हती, यंत्र चालूच होतं. त्याला त्याने हात लावलेला नव्हता, बघत होता फक्त. मी त्याला चहा द्यायला गेले तेवढ्यात भिंतीपलीकडे घर्र करून आवाज झाला, खिडकीची काच थरथरली आणि स्क्रीन काळी.

दादा माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे.

"हा आवाज कसला?"

"आईचं दळण."

आमच्या काकांनी म्हातारपणी टोफूचं दुकान बंद केलं आणि त्यांचं दगडी वाटणयंत्र नव्या वर्षात आमच्याकडे आलं होतं. आईने ते स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लावलं होतं, आणि तेव्हापासून ती गल्लीभराच्या वड्यांचे भिजवलेले तांदूळ हौसेने वाटत होती. सकाळी, दुपारी, जेव्हा भिजतील तेव्हा. दादाच्या कानांवर हेडफोन, नाहीतर खोलीभर साथीचा आवाज. बाकी आम्ही सगळे तो आवाज ऐकत होतो, पण त्याचा याच्याशी संबंध असेल हे आमच्या ध्यानीमनीही नाही.

दादा स्वयंपाकघरात गेला. "आई, बंद कर."

तिने बंद केलं. "काय झालं?"

"थांब जरा." यंत्र पुन्हा जागं होईपर्यंत तो थांबला. "आता चालू कर."

घर्र. मी खोलीतून म्हणाले, "आहे अजून."

"बंद कर. आता पुन्हा चालू कर."

"एकदा बंद म्हणतोस, एकदा चालू म्हणतोस. तांदूळ आंबतील माझे."

घर्र. "गेलं," मी म्हणाले.

एकाच वायरीवर दोन्ही. मोटर उठताना वीज ओढून घ्यायची, आणि यंत्रातला तो जुना पुरवठ्याचा डबा तेवढ्याने कोलमडायचा, कधी तग धरायचा, कधी नाही. सिस्टीमचा काही दोष नव्हता. अपडेट आणि वाटणयंत्र एकाच सुमाराला घरात आली आणि सणाच्या दिवशी दळण बंद होतं, एवढंच. दादाने ते आम्हाला समजावून सांगितलं, पण एरवी बिघाड सापडल्यावर तो जसा सांगायचा, तसं नाही. बातम्या वाचल्यासारखं. नवा डबा आणला, वाटणयंत्राला वेगळी वायर ओढली, आणि संपलं.

त्यानंतर यंत्र चालतच राहिलं. पण मंडळाने लो काकांनाच परत बोलावलं होतं, त्यांनी आता नव्या तारा आणल्या होत्या, आणि दादाच्या खोलीत कुणी येईनासं झालं. तो पुन्हा पुलापर्यंत जाऊन यायला लागला. दिवसातून किती वेळा, ते मी मोजणं सोडून दिलं. वहिनीशी बोलायचा, पण कामापुरतं. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बोलायला नको होतं मी." मी म्हणाले, "आधी बोलायला हवं होतंस." दोन्ही खरंच होतं.

मग एका दुपारी त्याने तिला खोलीत बोलावलं. "गा एकदा. साथ नाही, ताल नाही. चौकात गायलीस तसं."

तिने गायलं, त्याने ते यंत्रात घेतलं. मग कित्येक आठवडे तो तिच्या आवाजामागे फिरत राहिला. ती जिथे श्वास घेते तिथे ताल लांबवायचा, जिथे उडी घेते तिथे आखडायचा, एकेक ठोका हाताने सरकवायचा. शेवटी त्याने तिला ऐकवलं. मीही होते. साथ तिच्या मागे अशी चालत होती की जणू लो काका आत बसलेत. 

वहिनीने पुरं ऐकलं. म्हणाली, "फार सुंदर झालंय."

"मग यावर गाशील?"

"यावर कशी गाऊ? पुढच्या वेळी मी असं गाणार नाही ना."

मला वाटलं आता तो पुन्हा पंधरा दिवस बोलणार नाही. पण दादा खुर्चीत मागे रेलला आणि हसायला लागला. कितीतरी वेळ हसत होता, डोळे पुसत. वहिनीला आधी कळेना, मग तीही हसली. आई दारात येऊन विचारून गेली, "आता काय मेलं?"

त्या कंपनीने पुढे जाहीर केलं की तिची सिस्टीम आता फक्त तिने स्वतः घडवलेल्या चिपवर चालेल. म्हणजे दादासारख्यांच्या जोडलेल्या यंत्रांचा तिथेच शेवट. पोलंडवाल्याने निरोपाचं लांबलचक काहीतरी लिहिलं, दादाने ते आम्हाला वाचून दाखवलं. दादाने यंत्र होतं तिथेच थांबवलं, आता नवं काही घालत नाही. त्याच्यावर तो म्हाताऱ्यांची गाणी ठेवतो. बेपू गावाच्या वर डोंगरातल्या वस्त्यांमध्ये अजून काही आज्या आहेत, ज्यांना जुनी डोंगरगाणी येतात पण त्या चौकात येत नाहीत, गुडघे चालत नाहीत. वहिनी त्यांना ओळखते. दोघं स्कूटरवरून जातात, ती त्यांना बोलतं करते, तो मायक्रोफोन धरतो.

गेल्या आठवड्यात मीही गेले होते, खानावळ बंद ठेवून. आजी नव्वदीच्या, दात नाहीत, पण आवाज खणखणीत. वहिनीने आणि त्यांनी बसून चहा घेतला, आजींनी घसा खाकरला, वहिनीने मागे वळून पाहिलं तर दादा जागेवर नाही. तो ओट्याशी उकिडवा बसला होता आणि आजींचा भात शिजवायचा कुकर उलटा करून त्याचा तळ उघडत होता.

"अहो, तो चालतो की," आजी म्हणाल्या.

"आवाज करतोय," दादा म्हणाला. "तुम्ही गा, मी ऐकतोय."